तक्ता पाठ केलात? आता सावकाश हरा!

"ब्लॅकजॅक हा जुगार नाहीये रे, ते गणित आहे."

हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेलच. बोलणारा बहुतेक वेळा इंजिनिअर असतो, पुढच्या लाँग विकेंडला गोव्याला निघालेला असतो आणि त्याच्या फोनमध्ये हिरव्या-लाल-पिवळ्या चौकटींचा एक तक्ता असतो. गल्लीत तीन पत्ती खेळत बसलेल्या काकांकडे बघून हाच प्राणी नाक मुरडतो. काका जुगारी आणि हा "स्ट्रॅटेजी" खेळणारा! तर मंडळी, आजचा शनिवार या वाक्याची चिरफाड करण्यात घालवायचा आहे.

आधीच सांगून टाकतो : तो तक्ता खरा आहे, अगदी शंभर टक्के. माझं भांडण तक्त्याशी नाही, त्याच्या नावावर जे खपवलं जातं त्याच्याशी आहे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्या पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ ओलांडायची नाही. ओलांडली की फुटलात. राजा-राणी-गुलाम दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा. डीलरचा एक पत्ता उघडा असतो. तो बघून तुम्ही ठरवायचं की अजून पत्ता घ्यायचा, थांबायचं, पैसे दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा (डबल), की जोडी आली असेल तर ती फोडून दोन डाव करायचे (स्प्लिट). डीलरला मात्र अक्कल चालवायची मुभा नाही. १६ पर्यंत त्याने पत्ता घ्यायचाच आणि १७ ला थांबायचं. म्हणजे समोरचा खेळाडू हा एक छोटासा प्रोग्रॅम आहे. असं काही दिसलं की आपल्या लोकांचे हात शिवशिवणारच.

मग कॅसिनो कमावतं कुठे? एकाच जागी. तुम्ही आधी खेळता. तुम्ही फुटलात की तुमचे पैसे तिथल्या तिथे गेले, नंतर डीलरही फुटला तरी ते परत येत नाहीत. बाकी बऱ्याच सवलती तुमच्याच बाजूच्या आहेत, पण ही एक गोष्ट सगळ्यांना पुरून उरते.

आता तक्त्याची जन्मकथा, कारण ती खरंच भारी आहे. बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅक्डरमॉट हे अमेरिकन सैन्यातले चौघे अॅबर्डीनच्या तळावर होते. त्यांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटर यंत्रांवर महिनोन् महिने आकडेमोड केली आणि १९५६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये निबंध छापला. कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही! प्रत्येक परिस्थितीत कोणती चाल सरासरीने कमीत कमी तोट्याची, ते त्यांनी काढलं. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीत आयबीएम ७०४ वर फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहून तेच काम अधिक काटेकोरपणे केलं आणि १९६२ मध्ये 'बीट द डीलर' हे पुस्तक लिहिलं.

तर त्या चौघांच्या हिशेबाने, सगळ्या चाली बिनचूक खेळल्यावर खेळाडूचं काय होतं? तो हरतो. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी ६२ पैसे. आजच्या बऱ्यापैकी नियमांच्या टेबलावरही आकडा शंभराला साधारण अर्धा रुपया असाच येतो. त्या रंगीत तक्त्याचं पूर्ण वचन एवढंच आहे. जिंकण्याचं वचन त्यात कधीच नव्हतं.

उदाहरणच घ्या. तुमच्याकडे १६, डीलरची दश्शी. थांबलात तर शंभरामागे सरासरी ५४ रुपये जातात. पत्ता घेतलात तरी जवळपास तेवढेच, फरक पैशांत मोजण्याइतका. तक्ता म्हणतो "घ्या", कारण तो किंचित कमी वाईट आहे. अर्धे पैसे सोडून डाव टाकून द्यायची सोय (सरेंडर) असेल तर ती त्याहून बरी. तक्त्यातल्या कितीतरी चौकटी अशाच आहेत. "जिंका" म्हणणाऱ्या कमी, "त्यातल्या त्यात कमी मार खा" म्हणणाऱ्या जास्त.

तरीही तक्ता शिकण्यासारखा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण न शिकता बसणं भयंकर महाग आहे. "डीलर १७ ला थांबतो ना, मग मीही तसंच खेळतो" म्हणणाऱ्याला शंभरामागे साधारण साडेपाच रुपये पडतात. "मी फुटण्याची रिस्कच घेत नाही" म्हणणाऱ्याला जवळपास चार. म्हणजे तक्तावाल्याच्या आठ ते अकरा पट. आणि हे लोक मूर्ख नसतात हो, त्यांचं अंतर्मन त्यांना चुकीचा सल्ला देत असतं, इतकंच. तुमच्याकडे १२ आणि डीलरची छक्की असेल तर थांबायचं, कारण छक्कीवर डीलर शंभरात सुमारे ४२ वेळा फुटतो. पण तेच १२ असताना डीलरची दुर्री असेल तर पत्ता घ्यायचा. हे मनाला पटत नाही. म्हणून तर गणित करायचं!

आता येतो मुख्य मुद्दा. तक्ता शिकलो म्हणणारे बहुतेक जण तो अर्धाच शिकलेले असतात. आठांची जोडी फोडायची, दहांची नाही, अकरावर डबल करायचं... इथवर सगळे येतात. मग हातात येतात एक्का आणि सत्ती, समोर नव्वी. "अठरा झाले की!" म्हणून स्वारी थांबते. तक्ता सांगतो, पत्ता घ्या. मग डीलरला एक्का येतो आणि तो विचारतो, "इन्शुरन्स?" नावच असं ठेवलंय की मध्यमवर्गीय माणूस हळवा होतो. विमा नको कसा म्हणायचा! पण हा विमा म्हणजे डीलरचा झाकलेला पत्ता दहाचा निघेल यावर लावलेली वेगळी पैज आहे. ती फायद्याची ठरायला तीनात एकदा जिंकावी लागेल, आणि दहाचे पत्ते असतात तेरात चार. शंभरामागे सात-एक रुपये सरळ गेले. तासभर अर्धा-अर्धा टक्का वाचवत बसायचं आणि मग इथे सात टक्क्यांचं बिल फाडायचं.

त्याहून मोठी गंमत टेबलावरच छापलेली असते, पण ती वाचतो कोण? दोन पत्त्यांतच २१ झाले, म्हणजे खरा ब्लॅकजॅक लागला, तर जुन्या नियमाने तीनास दोन मिळतात. हजार लावले तर दीड हजार. लास व्हेगासमध्ये गेल्या काही वर्षांत अनेक टेबलांवर हे सहास पाच झालंय, म्हणजे हजाराला बाराशे. "बाराशे काय वाईट आहेत?" ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो. तीनशेचा हा फरक पसरला की कॅसिनोचा वाटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. तुम्ही पाठ केलेल्या तक्त्याची सगळी मेहनत त्या एका छापील ओळीत वाहून गेली. कंपनीच्या ऑफर लेटरमधली प्रत्येक ओळ तीनदा वाचणारे आपण, इथे मात्र संगीत आणि दिवे बघत बसतो.

"पण कार्ड काउंटिंग?" आला प्रश्न! २००८ चा '२१' सिनेमा पाहिलेल्या प्रत्येकाचा हा शेवटचा बुरुज. काउंटिंग खरं आहे. कॅटमध्ये दहाचे पत्ते आणि एक्के जास्त उरले असतील तर पारडं खेळाडूकडे झुकतं. तेव्हा मोठी रक्कम लावायची, एरवी छोटी. पण सगळं उत्तम जमलं तरी हाती लागते ती टक्क्याभराची आघाडी. त्यासाठी गोंगाटात तासन् तास न चुकता मोजायचं, मोठं भांडवल हाताशी ठेवायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. समोरचे गप्प बसलेत का? १९६४ मध्येच लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियम बदलून पाहिले. गिऱ्हाईक आटलं म्हणून मागे घेतले, आणि मग शहाणे उपाय आले : सहा-आठ कॅट एकत्र, लवकर पिसणं, पत्ते सतत पिसत राहणारी यंत्रं. केन उस्टन नावाचा खेळाडू कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं मोजतो म्हणून कॅसिनोने कोणाला बाहेर काढू नये. पण ते न्यू जर्सीत. नेवाडात आजही "तुमचा खेळ आमच्यासाठी फारच चांगला आहे" म्हणून दार दाखवतात. आणि खुद्द थॉर्प? तो टेबल सोडून शेअर बाजाराकडे गेला आणि १९६९ मध्ये त्याने गुंतवणुकीचा फंड काढला. मूळ लेखकाने प्रोजेक्ट कधीच सोडलाय, आपण मात्र अजून त्याच्या कोडवर शपथा घेतोय :)

आता सगळ्यात फसवी गोष्ट. समजा तुम्ही हजार रुपयांचा डाव लावता, चार तास बसता, तासाला सत्तर डाव. एकूण २८० डाव. बिनचूक खेळलात तर सरासरी तोटा १,४०० रुपये. पण निव्वळ नशिबाचा झोका, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सुमारे १९,००० रुपये! हिशेब मांडला तर शंभरातले ४७ तक्तावाले त्या रात्री जिंकून उठतात. आणि शंभराला चार रुपये घालवणारा तो "रिस्क घेत नाही"वाला? तसे शंभर बसवले तर त्यातलेही अठ्ठावीस-एक जिंकूनच येतात.

म्हणजे एका रात्रीच्या निकालावरून कोण बरोबर खेळला हे सांगता येत नाही. जिंकलेला तक्तावाला सोमवारी कॅन्टीनमध्ये म्हणतो, "स्ट्रॅटेजी!" हरलेला म्हणतो, "शेवटच्या खुर्चीवरच्या गाढवाने डीलरचा पत्ता घेतला." (तो गाढव तुमचं जितक्या वेळा नुकसान करतो तितक्याच वेळा फायदाही करतो, पण तेव्हा कोणी त्याला चहा पाजत नाही.) एकच टेस्ट केस पास झाली म्हणून रिलीज करणाऱ्याला आपण ऑफिसात फाडून खातो. इथे तोच आपला हिरो!

आणि हे सगळं झालं कागदावरच्या टेबलाचं. आपलं टेबल कुठे आहे? महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. म्हणून आपली गाडी गोव्याकडे. तिथे १९९६ च्या दुरुस्तीनंतर टेबलावरचे खेळ जहाजांवर चालतात, म्हणून मांडवीत ती झगमगणारी जहाजं. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. वीस हजारांवर आठ हजार! कॅसिनो तो थेट घेतं, पॅकेजात मुरवतं की स्वतः सोसल्याचं दाखवतं, हे ठिकाणागणिक बदलेल. पण कॅसिनोकडे पैसा येतो तो तुमच्याच खिशातून. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. चार तास डोकं खाजवून तक्त्याने वाचवायचे काही हजार, आणि कर त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलेला. अर्ध्या टक्क्याचं गणित करणाऱ्याला चाळीस टक्के दिसत नसतील तर त्याने स्वतःला गणिती म्हणवून घेऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, मजेसाठी जातो आम्ही. नाटकाला पैसे देतो तसे." एकदम मान्य! ही एकमेव प्रामाणिक बाजू आहे आणि तिच्याशी माझं काही भांडण नाही. फक्त मग तिकिटाची रक्कम आधी ठरवा, ती गेली असं समजूनच आत जा, आणि "गणित आहे" म्हणू नका. कारण त्या एका वाक्यामुळे माणूस हरल्यावरही उठत नाही. नशिबावर खेळणाऱ्या काकांना निदान कधीतरी वाटतं की आज दिवस आपला नाही. तक्तावाल्याला वाटतं की आपण बरोबर आहोत, फक्त डाव अजून पुरेसे झाले नाहीत. म्हणून तो पुन्हा एटीएमकडे जातो. डाव वाढले की निकाल सरासरीकडे सरकतो हे खरंच आहे, पण ती सरासरी वजा आहे राजा! ईएमआय भरणाऱ्या पोराने रात्री दोन वाजता हरलेले परत मिळवायला काढलेल्या पैशांना तक्त्यात कुठलीच चौकट नाही.

तर काय करायचं? तक्ता शिका, पूर्ण शिका, पण घरी. पायथनमध्ये शंभर-दीडशे ओळींत सिम्युलेटर लिहून होतो, एका रविवारचं काम. दहा लाख डाव चालवा. तीनास दोन आणि सहास पाच दोन्ही करून बघा. इन्शुरन्स घेऊन बघा. मग २८० डावांची एकेक रात्र वेगळी काढा आणि त्यातल्या किती रात्री "जिंकल्या" ते मोजा. चांगला निर्णय आणि चांगला निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार नाही. नोकरीत, शेअरमध्ये, घर घेताना सगळीकडे ते उपयोगी पडतं.

एवढं करूनही जहाजावर जावंसं वाटलं तर खुशाल जा. मांडवीवरचा वारा छान असतो. असो. प्रोग्रॅम लिहिलात तर आकडे नक्की कळवा, माझ्याशी जुळतात का बघू.