प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीचा अंमल

शाळांतून टिंकरिंगच्या प्रयोगशाळा उघडल्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांतून रोबो-स्पर्धांचा शिरस्ता पडला, आणि मोटर कशी फिरवावी हे आज आठवीतल्या विद्यार्थ्यालाही अवगत झाले, ही निःसंशय समाधानाची गोष्ट आहे. परंतु वीज दिल्याबरोबर, प्रोग्रॅमची पहिली ओळ अमलात येण्याआधीच, मोटर हिसका देऊन का फिरते, या प्रश्नाची आपल्या शिक्षणक्रमात पुरेशी दखल घेतली जात नाही, आणि ही उपेक्षा मला गंभीर वाटते.

सर्वत्र प्रचारात असलेली जोडणी पाहू. आर्दुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर एल२९८ या मोटर ड्रायव्हरला हुकूम देतो. वीज येताच मायक्रोकंट्रोलरच्या पिना इनपुट अवस्थेत, म्हणजे स्वतः कोणताही विद्युतदाब न देता, तटस्थ राहतात, आणि ऑसिलेटरची कंपने स्थिर व्हावीत म्हणून मुद्दाम राखलेला विलंबच सुमारे ६५ मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या अवधीत ड्रायव्हरच्या इनपुटवर कोणाचाच अंमल चालत नाही. एल२९८ हा २.३ व्होल्टांवरील दाब 'चालू' असा वाचतो. अधांतरी राहिलेल्या तारेवर शेजारच्या तारांच्या सान्निध्याने अथवा चढत्या पुरवठ्याच्या प्रभावाने तेवढा दाब क्षणमात्र उत्पन्न होणे मुळीच अशक्य नाही. विद्यार्थी अशा वेळी प्रोग्रॅममध्ये फेरफार करीत बसतो. पण दोष ज्या क्षणी घडतो त्या क्षणी प्रोग्रॅम सुरूच झालेला नसतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावरील तजवीज अत्यल्प खर्चाची आहे: प्रत्येक इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर. ए४९८८ सारख्या ड्रायव्हरच्या 'इनेबल' पिनेवर शून्य दाब म्हणजेच 'चालू' असा उलटा संकेत असल्याने, तेथे हाच रेझिस्टर लॉजिकच्या धन पुरवठ्याकडे जोडावा लागतो.

याहून घातक अशी दाबाची उसळी मोटरच्या पुरवठ्याच्या बाजूने येते. लांब तारांचे प्रेरकत्व आणि ड्रायव्हरच्या फळीवरील अल्परोधी सिरॅमिक कपॅसिटर यांची गाठ पडली, आणि चालू पुरवठा एकदम जोडला गेला, की दोहोंमध्ये आंदोलने सुरू होऊन दाब मूळ पुरवठ्याच्या जवळजवळ दुपटीपर्यंत, प्रसंगी त्याहूनही वर, चढतो. २४ व्होल्टांचा पुरवठा अशा रीतीने ४८ च्या घरात गेला, तर ३५ व्होल्टांची मर्यादा असलेला ए४९८८ जळाल्यास नवल नाही. दोष मात्र बिचाऱ्या चिपच्या माथी मारला जातो. ड्रायव्हरच्या अगदी निकट किमान ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवला, तर त्याचा अंगभूत रोधच ही आंदोलने शमवतो.

या दोषांचा शोध घेताना मल्टिमीटर निरुपयोगी ठरतो, कारण त्याच्या दृष्टीस हा क्षण पडतच नाही. ऑसिलोस्कोप एकवार टिपण्याच्या, म्हणजे 'सिंगल' ट्रिगरच्या, रीतीवर ठेवून पुरवठा चालू करावा. प्रोबची ग्राउंडची लांब तार स्वतःच खोट्या उसळ्या दाखवते, म्हणून ती काढून आखूड स्प्रिंग वापरावी.

कारखान्यांतील यंत्रांच्या अनपेक्षित प्रारंभाच्या प्रतिबंधासाठी आयएसओ १४११८ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. ज्या विषयाची उद्योगजगत इतकी कदर करते, त्याची ओळख विद्यार्थ्याला नोकरीत गेल्यावर, कोणाचे बोट यंत्रात सापडल्यावर व्हावी, हे मला अक्षम्य वाटते. शाळांना पुरवल्या जाणाऱ्या संचांत रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडणीच्या आकृतीसह अनिवार्य करावेत, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने मोटर फिरलेली पाहण्याआधी, प्रोग्रॅम न भरलेल्या मायक्रोकंट्रोलरला वीज देऊन ती स्थिर राहते की नाही, हे तपासावे.