‘नो’ म्हणजे काय नाही?
रात्री साडेअकराला लेख संपला, कोपऱ्यातली फुली दाबली, चौकट आली आणि बोटाने सवयीने ‘नो’ दाबलं. सहाशे शब्द गेले. चौकटीने विचारलं होतं हो, मीच वाचलं नाही. पण ‘येस’, ‘नो’, ‘कॅन्सल’ यातल्या ‘नो’चा अर्थ काय घ्यायचा? बंद करू नको, की सेव्ह करू नको? (आणि ‘कॅन्सल’ने नेमकं काय कॅन्सल होतं, हे आमच्या काकांना अजून उमगलेलं नाही.) बटणावरच ‘सेव्ह करा’, ‘सेव्ह करू नका’ असं लिहिलं तर प्रश्न न वाचणाराही सावध होतो, मॅकवर ही रीत जुनीच आहे. त्याहून वाईट म्हणजे उगाच विचारणं. एक्सेलच्या फायलीत आजची तारीख दाखवणारं ‘टुडे’ हे सूत्र असलं, की ती नुसती उघडून मिटली तरी विचारणा होते, कारण फाइल उघडताच सूत्र नव्याने मोजलं जातं. आपण तर एक अक्षरही बदललेलं नसतं! असं दहादा झाल्यावर अकराव्यांदा कोण वाचतो? त्यापेक्षा विंडोज ११ मधलं नोटपॅड बरं. २०२३ पासून ते खिडकी मिटताना काही विचारत नाही. सेव्ह न केलेला मजकूरही पुढच्या वेळी जसाच्या तसा समोर ठेवतं. हे शहाणपण सगळ्यांना सुचेपर्यंत, मंडळी, दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबत चला.