सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत

एआरटी सेंटरच्या खिडकीवर बसणाऱ्या फार्मासिस्टला आपल्या वस्तीत आजही 'कंपाउंडर' म्हणतात. डबी देणारा, सही घेणारा माणूस, एवढीच त्याची ओळख. पण ज्यांना एचआयव्हीबरोबर शुगर, बीपी किंवा टीबीही आहे, त्यांच्या उपचारात त्याची जागा डॉक्टरांच्या शेजारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती एप्रिल २००४ मध्ये. तेव्हा प्रश्न जगण्या-मरण्याचा होता. आज नेमाने गोळी घेणारा माणूस साठी गाठतो, आणि साठीची दुखणीही त्याला गाठतात. सेंटर मात्र एकच आजार बघते. शुगरची गोळी दुसऱ्या ओपीडीत, गुडघ्याची नाक्यावरच्या दवाखान्यात. सगळ्या गोळ्या एकत्र कोण बघतो? कोणीच नाही.

आमच्या वस्तीतल्या एका ताईची गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते. नाव लिहीत नाही. एआरटी चालू असताना तिला शुगर निघाली. खाजगी डॉक्टरांना तिने एचआयव्हीचे सांगितलेच नाही. "आडनाव सांगितलं की आधीच नजर बदलते, त्यात हे कशाला?" असे ती म्हणाली. यावर मी तिला काय बोलणार? डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवत दिवसाला २००० मिलिग्रॅमपर्यंत नेली. मळमळ, जुलाब, अंगात त्राण नाही. तिला वाटले एआरटीच सोसत नाही, म्हणून तिने मधूनमधून तीच गोळी टाळली.

हे पकडले फार्मासिस्टने. डबीत उरलेल्या गोळ्या मोजताना सात जास्त निघाल्या. न ओरडता त्याने विचारले, "आणखी काय काय घेता?" हल्लीच्या एआरटीत डोलुटेग्राविर असते. त्याने मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून दोन्ही चालू असताना मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० च्या वर देत नाहीत. त्याने ताईला सेंटरच्या डॉक्टरांकडे नेले, डोस बदलला. मी इतकी वर्षे नर्स होते, पण मी जुलाबावर ओआरएस देऊन तिला घरी पाठवले असते, हे कबूल करते.

अशा जोड्या आणखी आहेत. ॲसिडिटीचे पांढरे औषध डोलुटेग्राविरबरोबर घेतले तर एआरटीची गोळी नीट लागू होत नाही. आधी एआरटी घेऊन दोन तास थांबावे, किंवा ते औषध आधी घेतले असेल तर सहा तास. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तरी तेच. टीबीच्या रिफाम्पिसिनबरोबर डोलुटेग्राविरची आणखी एक मात्रा बारा तासांनी लागते. टेनोफोविर चालू असताना अंगदुखीच्या गोळ्या मनाने खात राहिले तर किडनीला धोका.

अतिसाराने पडलेल्या भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकतो. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी अंग धुतले. शुश्रूषा दोघांनी मिळून केली, हे सांगायचे मात्र राहून जाते.

सेंटरमध्ये डॉक्टर, नर्स, समुपदेशक, फार्मासिस्ट सगळे असतात. पण रांग लांब, खिडकी अरुंद, मागचा माणूस कान देऊन उभा. तिथे कोण काय बोलणार? आता अनेकांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. खेप वाचते हे चांगलेच, पण भेट कमी होते. म्हणून आपली मागणी अशी हवी: ज्यांना दुसरा जुना आजार आहे त्यांच्यासाठी फार्मासिस्टला आडोशाची खोली आणि वेळ द्या, आणि त्याने टिपलेली नोंद डॉक्टरांच्या कागदावर आली पाहिजे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आपली माहिती गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा खोली मागण्यात संकोच नको.

तोवर सेंटरला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्ण-काढेसुद्धा, एका पिशवीत घालून न्या आणि खिडकीवर दाखवा. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. ती ताई आता हेच करते. मागच्या खेपेला तिच्या पिशवीतून शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी निघाली.