रान ओलं, तरी रोप मान का टाकतं?



खताचा डोस पडला की चार-पाच दिवसांत एक फोन हमखास येतो. "साहेब, कालच पाणी दिलंय, रान ओलं आहे, तरी रोप मान टाकतंय. पानांच्या कडा करपल्यात. कोणतं औषध मारू?"

माझं म्हणणं असं, की औषधाच्या दुकानात जायच्या आधी बुंध्याजवळची माती उकरा आणि तिथे किती खत पडलंय ते बघा.

घरातलंच उदाहरण घ्या. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. मनुके पाण्यात टाकले की रात्रीत फुगतात. दोन्हीकडे कारण एकच. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, क्षार मात्र तसे जात नाहीत. आणि पाणी जातं ते कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे.

मुळाच्या पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा घट्ट असतो, म्हणून पाणी मुळात शिरतं. आपण बुंध्याशी मूठभर खत टाकलं की मातीतलं पाणीच घट्ट होतं. मग पाणी समोर असून मुळाला ओढता येत नाही. फारच झालं तर मुळातलं पाणी उलट बाहेर येतं. रोपाचं लोणचंच घातलं म्हणा ना!

सगळी खतं सारखी नाहीत. सोडियम नायट्रेटचा खारेपणा १०० धरला, तर तेवढ्याच वजनाच्या म्युरेट ऑफ पोटॅशचा ११६ च्या आसपास आणि सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६ येतो. पिकंही सारखी नाहीत. मातीची ईसी १.२ च्या वर गेली की कांद्याचं उत्पादन घटू लागतं, कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. शेजाऱ्याच्या कपाशीला चाललेला डोस आपल्या कांद्याला चालेलच असं नाही.

दुसरी गोष्ट वाफशाची. नत्र, पालाश आत घ्यायला पेशीच्या पडद्यात वेगळी दारं असतात. ती चालवायला मुळाला ताकद लागते आणि ताकदीला हवा लागते. साचलेल्या पाण्यात मूळ गुदमरतं, खत समोर असून उपाशी राहतं. आपले वडीलधारे वाफसा बघूनच खत टाकायचे, ते उगाच नव्हे.

म्हणून एवढं करा:
✅ खत एकदम नको, विभागून द्या.
✅ बुंध्यापासून लांब टाका, मातीआड करा.
✅ युरियाची फवारणी २ टक्क्यांच्या वर नको, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला जास्तीत जास्त ३०० ग्रॅम. कोवळ्या पिकाला त्याच्या निम्मंच. भर उन्हात फवारू नका.
✅ माती आणि विहिरीचं पाणी, दोन्हीची ईसी तपासून घ्या.

कोणी म्हणेल, कंपनी स्वतः खत विकते आणि कमी टाका सांगते? होय, सांगते. कंपनी आपलीच आहे. चार गोण्या जास्त खपून सभासदाचं रान खारट होणार असेल, तर तो नफा आपल्याच खिशातून गेलेला असतो.

आपल्या शेतातला अनुभव ग्रुपवर जरूर कळवा. 🙏

— कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी