कळतं, पण येत नाही!



लोणावळ्याजवळच्या कुसगावहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती आईच्या मोबाईलवर ऑनलाइन गणित शिकते. बाई छान शिकवतात, सगळं पटापट कळतं. पण घटक चाचणीत अपूर्णांकांची तसलीच उदाहरणं आली आणि पेन हलेचना. २० पैकी ७ गुण! आता आई म्हणते, फी वाया जाणार असेल तर शिकवणी बंद. 'मी खरंच लक्ष देते हो,' असं तिनं शेवटी लिहिलंय.

अगं, तू लक्ष देतेस यात मला शंकाच नाही. गडबड दुसरीकडेच आहे. बाई पायरी लिहितात तेव्हा ती आपल्याला पटते. पण पटणं वेगळं आणि आपली आपण सुचणं वेगळं. तुमच्या मावळात बांधावर बसून भातलावणी बघितली की किती सोपी वाटते! चिखलात उतरून एक ओळ लावायला घेतली, की रोपं वाकडी का जातात ते कळतं.

मंगळवार ते शुक्रवार मधे वही उघडली होतीस का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून विचारते. शिकवणीचे दोन दिवस म्हणजे अभ्यास नव्हे, ती अभ्यासाची सुरुवात. रोज २० मिनिटं गणिताला दे. वेळ मात्र ठरलेली हवी. 'जमेल तेव्हा' म्हटलं की ते जमतच नाही. दिवेलागणीनंतर लगेच, किंवा सकाळी आंघोळ झाल्यावर, असं रोजच्या एखाद्या कामाला ते बांधून टाक. त्यात कालची दोन उदाहरणं उत्तर झाकून पुन्हा सोडवायची आणि एक नवं, न शिकवलेलं, करून बघायचं. अडलं तर कुठल्या पायरीवर अडलं तेवढं लिहून ठेवायचं. 'बाई, मला कळलं नाही' असं सांगितलं तर बाई सगळंच पुन्हा सांगतील. 'छेद समान केल्यावर अंशाला कितीनं गुणायचं?' असं विचारलंस तर दोन मिनिटांत काम होईल.

जुलैत तुमच्याकडे पाऊस कोसळतो, वीज जाते, मग मोबाईलची रेंजही जाते. जाऊ दे. २० मिनिटांना रेंज लागत नाही.

लांबून गणित शिकवण्याची एक खरी गोष्ट सांगते. २००४ साली अमेरिकेत बोस्टनला राहणारे सलमान खान (सिनेमातले नव्हेत हं!) दूरच्या न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून आणि संगणकावरून शिकवू लागले. तिचं अडलं होतं एकके बदलण्यात. पुढं २००६ पासून त्यांनी धड्यांची चित्रफीत करून ठेवायला सुरुवात केली. भावंडं म्हणाली, तू समोर असण्यापेक्षा हेच बरं! कारण चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते, आणि तेच पुन्हा विचारायची लाजही वाटत नाही. आपल्याकडे २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, तिला काही थांबवता येत नव्हतं. तुला येतं, तर थांबवण्याचं ते बटण वापर. बाईंनी धडा नोंदवून ठेवला असेल तर उदाहरण वाचून झाल्याबरोबर तो थांबव, स्वतः सोडव, मगच पुढे जा.

आईबाबांनाही थोडं सांगायचंय. शिकवणी चालू असताना मागून हळूच उत्तर सांगू नका. बाईंना वाटतं मुलीला येतंय, आणि त्या पुढे जातात. गुण विचारण्याआधी वही बघा. खाडाखोड दिसली तर रागावू नका; मला तर कोऱ्या पानाची जास्त भीती वाटते. शिकवणी बंद करण्यापूर्वी एक महिना हे करून बघाल का?

आणि आता रोजच्या २० मिनिटांत गंमत हवी म्हणून हे. नाशिकजवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. वजाबाक्या करता करता त्यांना ६१७४ ही संख्या सापडली आणि आज जगभर ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेली संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच. तुमच्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली, तेच घेऊ:

८६३१ − १३६८ = ७२६३
७६३२ − २३६७ = ५२६५
६५५२ − २५५६ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सहा वजाबाक्या! ६१७४ चं पुन्हा करा, ६१७४च येतं. मधे तीनच अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं. आज आपलं जन्मसाल घ्या, उद्या आईचं, परवा आजीचं. सातच्या आत ६१७४ यायलाच हवं. आठवी वजाबाकी करावी लागली, तर कुठंतरी हातचा विसरलाय. वर जाऊन शोधा.

तुमची ताई