विजेवरचा कुरोड्याचा साचा

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. मधे दारव्ह्याहून आल्यावर लगेच लिहायचं होतं, पण पुण्यात आलं की ऑफिस, पाणी, ट्रॅफिक या त्रिदेवांच्या सेवेत महिने निघून जातात. शेवटी परवा पुतणीचा फोन आला आणि राहिलेलं सगळं एकदम आठवलं. फोनचं शेवटी सांगतो.

गेल्या पोळ्याला घरी गेलो होतो. दरवेळी जाताना पुतण्यासाठी काहीतरी न्यायचं, हा माझा शिरस्ता. (वहिनी हे वाचत असतील तर त्यांना ठाऊक आहेच की हा शिरस्ता म्हणजे वर्षातून दोनदाच तोंड दाखवणाऱ्या काकाचा दंड आहे.) या खेपेला थ्रीडी पेन नेलं. ऑनलाइन बाराशे रुपये पडले. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड मार्करएवढं यंत्र. मागून प्लास्टिकची पावणेदोन मिलिमीटर जाडीची तार आत सरकवायची, आतली मोटर ती पुढे ढकलते, टोकाशी ती दोनशे अंशांच्या आसपास तापून वितळते आणि बारीक धाग्यासारखी बाहेर येते. बाहेर आली की काही सेकंदांत घट्ट. म्हणजे कागदावर रेघ ओढता येते, आणि तीच रेघ कागद सोडून वर हवेतही नेता येते.

आईने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हा तं विजेवरचा कुरोड्याचा साचा झाला बापा!"

इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही जाहिरातीत सापडली नव्हती. गव्हाचा चीक गरम असतानाच साच्यातून दाबायचा, गोल फिरवत घालायचा, गार झाला, वाळला की आकार पक्का. तत्त्व तेच. फक्त कुरोडी तळून खाता येते.

बाबांनी मात्र चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. बाबा म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला आणि तेव्हापासून ब्रशचा डबा माळ्यावर गेला. घरात त्या विषयावर कुणी बोलत नाही. मीही बोलत नाही. पेन घेताना माझ्या मनात पुतण्याच होता, बाबा नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी मोठा श्रावणबाळ.

पेनासोबत नमुन्यांची एक पुस्तिका येते. चष्मा, फुलपाखरू, आयफेल टॉवर. वर पारदर्शक कागद ठेवायचा, खालची रेघ गिरवायची, तुकडे उचलायचे आणि एकमेकांना चिकटवायचे. पुतण्याने तासाभरात चष्मा केला, घालून फोटो काढला, फोटो पाठवला आणि पेन बाजूला ठेवलं. संपलं! बाराशे रुपये, एक तास. खरं तर मला तिथेच राग यायला हवा होता, पण आला नाही. आपल्याकडे मुलांच्या वस्तूंचं असंच होतं, म्हणून सोडून दिलं.

बाबांना मात्र आला. पेपर खाली ठेवून म्हणाले, "गिरवाले पेन कायले पाहिजे? गिरवणं म्हणजे ड्रॉइंग हाये का? घन काढ. हवेत. खाली काही न ठेवता."

पुतण्या तेव्हा नववीत, इंटरमिजिएटच्या तयारीत. या परीक्षेची गोष्ट बाहेरच्या राज्यांतल्या मित्रांना समजावून सांगावी लागते. महाराष्ट्रात सरकारचं कला संचालनालय ती घेतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन. हल्ली इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. त्यामुळे चित्रकलेशी काहीही देणंघेणं नसलेली पोरंही बसतात, आणि त्यांना आडवी येते ती घनभूमिती. समोर ठेवलेलं ठोकळ्याचं चित्र बघून त्याचं प्लॅन आणि एलेव्हेशन काढायचं. म्हणजे हा ठोकळा डोक्यावरून कसा दिसेल आणि समोरून कसा दिसेल. ज्याला डोक्यात ठोकळा फिरवता येतो त्याला पाच मिनिटांचं काम. ज्याला येत नाही तो पाठ करतो. आमचा पाठ करणाऱ्यांतला. (मीही होतो. मास्तरांचा मुलगा असून मला सी मिळाली होती, आणि त्या दिवशी बाबा जेवताना एक शब्द बोलले नव्हते.)

बाबांच्या काळात ते बटाटे कापायचे, साबणाच्या वड्या कापायचे, बांबूच्या काड्या सुतळीने बांधून चौकट करायचे. आमच्या 'शकुंतले'चं, यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजचं, वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. बाबा मोतीबाग स्टेशनवर पोरांना घेऊन जायचे ते बाकी कशासाठी नाही, बॉयलर दाखवायला. "तोंड गोल हाये हे तुमाले माहीत हाये. पण बाजूने दिसते काय? दिसते ते काढा, माहीत हाये ते नाही." माझ्या मते चित्रकलेचा अर्धा अभ्यासक्रम या एका वाक्यात आहे. आता ती गाडीही बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज दारव्ह्यावरून जायची आहे, तेव्हा पुढच्या मास्तरांना इंजिन मिळेल, बॉयलर मात्र मिळणार नाही. असो.

तर घन. बारा कडा, प्रत्येक पाच सेंटिमीटर. तळाचा चौकोन सहज झाला. मग उभ्या चार कडा. पुतण्याने नेहमीच्या वेगाने पेन वर ओढलं आणि धागा वाकून दोडक्याच्या वेलासारखा लोळला. पुन्हा. पुन्हा लोळला. युक्ती अशी, की तळाशी आधी एक टिकली सोडायची, ती धरली की पेन जितक्या वेगाने धागा सोडतं नेमक्या तितक्याच वेगाने वर जायचं, आणि टोकाला पोचल्यावर हात न हलवता थांबायचं. चार-पाच श्वास. हे थांबणं त्या पोराला जमेना. कागदावर आपण रेघ संपली की हात उचलतो. इथे रेघ संपल्यावरही ती तुमच्याच हातात असते. चौथ्या खेपेला जमलं. घन जरासा तिरपा, एक कड पोटात आलेली, पण उभा राहिला.

आणि मग लाइट गेले. :)

दारव्ह्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. (हे स्वस्त पेन पाच व्होल्टवर, यूएसबीवर चालतं, पॉवर बँक लावली की लाइट असो नसो, काम सुरू. गावाकडच्या लोकांनी ही ओळ लक्षात ठेवा.) पुतण्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि घनाची सावली भिंतीवर पडली. जवळून टॉर्च धरला तर मोठ्या चौकोनात छोटा चौकोन. टॉर्च मागे मागे नेला तसे दोन्ही चौकोन एकमेकांवर सरकत गेले आणि जवळजवळ एकच उरला. बाबा अंधारातून म्हणाले, "हे एलेव्हेशन." मग घन कोपऱ्यावर उभा धरायला लावला. भिंतीवर षटकोन, मध्यातून निघणाऱ्या रेघा. पुस्तकात ठोकळ्याचं चित्र जसं छापलेलं असतं तसं. पोरगा गप्पच झाला. मग त्याने स्वतःच घन वीस वेळा फिरवून बघितला. लाइट आले तेव्हा कुणीतरी "बंद कर रे" म्हणाल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

आता माझं म्हणणं सांगतो.

ही वस्तू खेळणं म्हणून विकली जाते, आणि खेळणं म्हणून ती सुमार आहे. तिची जागा ड्रॉइंगच्या तासाला आहे, मास्तरांच्या टेबलावर. ठोकळा हातात घेऊन बघणं वेगळं आणि त्याची एकेक कड आपल्या हाताने हवेत उभी करणं वेगळं. दुसऱ्यात डोकं पळ काढू शकत नाही.

अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो, "हे कशाला? पोराला सरळ टिंकरकॅड शिकव, फुकट आहे." त्याचं अर्धं मला मान्य आहे. अचूक माप हवं असेल, गिअर हवा असेल, तर पेन कुचकामाचं. पण कॉम्प्युटरवर काटकोन कॉम्प्युटर सांभाळतो. इथे तो तुम्हाला सांभाळावा लागतो, आणि नाही सांभाळला तर घन तिरपा उभा राहून दिवसभर तुमच्याकडे बघतो.

आणि गंमत अशी की थ्रीडी प्रिंटर नावाची जी मोठी गोष्ट, तिच्या एका मुख्य जातीचा जन्मच मुळात हाताने झाला. १९८८च्या सुमारास स्कॉट क्रंप नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला घेतला, तोही आपण थर्मोकोल चिकटवायला वापरतो तसल्या ग्लू गनने, थरावर थर देत. हाताने कंटाळवाणं झालं म्हणून त्याने पुढे ते काम यंत्रावर नेलं. पुढे पीटर डिलवर्थ आणि मॅक्सवेल बोग यांच्या प्रिंटरने छापताना एक रेघ चुकवली, आणि ती हाताने भरता आली असती तर, या विचारातून त्यांनी थ्रीडूडलर हे पेन काढलं. २०१३ साली किकस्टार्टरवर ३० हजार डॉलर मागितले, मिळाले २३ लाखांच्या वर. म्हणजे पंचवीस वर्षांनी यंत्र काढून टाकून गोष्ट परत हातात आली.

आपल्याकडे मात्र अजून यंत्राचंच अप्रूप. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ साली आली, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटरही. योजना चांगली आहे, ती नीट चालवणाऱ्या शाळाही आहेत. पण एका शाळेत (नाव-गाव सांगत नाही) मी तो प्रिंटर कव्हर घातलेला, कुलपाच्या खोलीत पाहिला. पाहुणे आले की कव्हर निघतं. "पोरं बिघडवतात," असं उत्तर मिळालं. बिघडवू द्या ना! एका प्रिंटरच्या पैशांत वीसेक पेनं येतील आणि त्यांतली पाच बिघडली तरी पंधरा उरतील.

आणि खर्चही बघा. तार एक मीटर म्हणजे साधारण तीन ग्रॅम. पावणेदोन मिलिमीटरची तार टोकातून सुमारे पाऊण मिलिमीटर होऊन येते, म्हणजे एका मीटरचे पाच-सहा मीटर धागे. आमचा घन साठ सेंटिमीटरचा. दहा-बारा सेंटिमीटर तारेत झाला. किलोभर रीळ घेतलं तर त्यात तीनशे मीटरच्या वर तार असते, वर्गाला वर्षभर पुरावी.

वाईटही सांगतो, नाहीतर कंपनीने पैसे दिले म्हणाल. टोक भाजतं. मला डाव्या तर्जनीवर फोड आला, आणि तो मी मोठ्या शहाणपणाने "इथे हात लावायचा नाही" हे दाखवताना आणला. लहान मुलांसाठी साठ-सत्तर अंशांवर वितळणाऱ्या प्लास्टिकची वेगळी पेनं मिळतात, तीच घ्यावीत. एबीएस नावाची तार तापली की घाण वास येतो, ती खोलीत नको. पीएलए घ्यावी, खिडकी उघडी ठेवावी. पीएलए मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होते म्हणून ती उकिरड्यात टाकली की खत होईल, असा माझाही समज होता. होत नाही. त्याला कारखान्यातलं कंपोस्ट लागतं, साठ अंशांच्या आसपास सतत तापलेलं. उकिरड्यावर ते प्लास्टिक म्हणूनच पडून राहतं. तेव्हा तुकडे जपून ठेवावेत, चष्मे कमी करावेत.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पुतणी सहा वर्षांची, तिचा लाकडी बैल घरात आहे, माझ्या लहानपणीचा, चाकं बदललेला. पण तिला दादासारखा "पेनाचा बैल" हवा होता. पुतण्याने अंग केलं, पाय केले, आणि शिंगांपाशी अडला. शिंग वळत वळत वर जायला हवं, आणि त्याचं आपलं खुंट्यासारखं सरळ.

बाबा उठले. पेन मागून घेतलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही. आई भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. हात हलत होता. पण या पेनाला दाब द्यावा लागत नाही, बटण दाबलं की धागा आपल्या संथ गतीने येत राहतो. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी शिंग वर नेलं. कंपामुळे धाग्याला जागोजागी गाठी आल्या. आणि जुन्या बैलाच्या शिंगाला वळ्या असतात, तसंच ते दिसायला लागलं. दुसरं शिंग केलं. ते थोडं आखूड झालं. पेन ठेवलं आणि म्हणाले, "एक बराबर आलं."

ब्रशचा डबा काही माळ्यावरून उतरला नाही. तसं घडलं असतं तर लिहायला छान होतं, पण नाही घडलं. मी एकदा विषय काढून पाहिला, तेव्हा म्हणाले, "ते वेगळं." मीही पुढे बोललो नाही. पुतणीने मात्र दोन बैल मिरवले, लाकडी दोरीने ओढत आणि पेनाचा तळहातावर, आणि दोन्ही बैलांचा वेगवेगळा बोजारा वसूल केला.

पुतण्याला इंटरमिजिएटला बी मिळाली. बाबा जेवताना बोलले.

आणि परवाचा फोन. मे महिना, दारव्ह्याचं ऊन, टिनाच्या शेडमधली पश्चिमेची खिडकी. पीएलए साठ अंशांच्या आतच मऊ पडायला लागते आणि त्या खिडकीत तितकं सहज होत असणार. पुतणी रडवेल्या आवाजात सांगत होती, "काका, बैल बसला. पाय वाकले त्याचे."

मी काही समजूत घालणार एवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "बसू दे वं. एवढ्या उन्हात बैल बसतेच. शिंगं पाय सरळ हायेत का?"

शिंगं सरळ होती म्हणे.