दारापुढचा बर्फ कोणाचा?

आमच्या हुबळी-धारवाडची थंडी म्हणजे पहाटे कानटोपी, आणि दहा वाजले की ती पिशवीत. इथे बर्फ पडत नाही, पडणारही नाही. तरी बर्फ उपसणं म्हणजे काय, हे या भागाला एकदा फार जवळून कळलं. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतले १० जवान गाडले गेले. त्यांत कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद होते आणि सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही. १९ हजार ६०० फुटांवर, दगडासारखा घट्ट झालेला बर्फ कापत जवान खाली उतरत राहिले. सहाव्या दिवशी हनुमंतप्पा जिवंत सापडले, पण ११ तारखेला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. हुबळीच्या नेहरू मैदानावर त्यांच्या अंत्यदर्शनाला माणूस लोटला होता.

तिथे वर कोणाचं घर नाही, दार नाही. म्हणून बर्फ काढायचा तो सैन्यानेच. जोजिला खिंडीतला रस्ता दरवर्षी सीमा सडक संघटना मोकळा करते, त्यातही वाद नाही. वाद सुरू होतो तो वस्तीत. दारापुढे पडलेला बर्फ कोणाचा? आभाळातून पडला म्हणून देवाचा, रस्त्यावर पडला म्हणून नगरपालिकेचा, की माझ्या फाटकासमोर पडला म्हणून माझा?

शिकागोत याला सरळ उत्तर आहे. घरापुढचा फुटपाथ घरवाल्याने साफ करायचा. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात पडलेला बर्फ रात्री १० च्या आत निघाला पाहिजे, नाही तर दंड. आपली मराठी मुलं तिथे पहिल्या हिवाळ्यात फावडं विकत घेतात ती हौसेने नव्हे. इथे ज्याने कधी झाडूला हात लावला नाही, तो तिथे ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास कंबर मोडून बर्फ लोटतो आणि आईला व्हिडिओ पाठवतो. आईला लेकाचं कौतुक वाटतं. मला त्या कायद्याचं वाटतं.

त्याच शहरात एक बिनलेखी रिवाजही आहे. रस्त्याकडेची गाडीची जागा ज्याने स्वतः उकरून काढली, तो तिथे जुनी खुर्ची ठेवून कामाला जातो. मग ती जागा त्याची. कायद्याला हे मान्य नाही, पण खुर्ची हलवायची छाती सहसा कोणाला होत नाही. बॉस्टनने तर हिमवादळाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास अशी खुर्ची चालवून घेतली आहे. बस किंवा रेल्वेत रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्याला हे कोणी समजावून सांगायला नको.

बर्फाने खुर्ची मिळते तशी जातेही. जानेवारी १९७९ च्या वादळात शिकागोचे रस्ते दिवसेंदिवस तुंबले, लोक चिडले, आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकेल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणूक हरले. जेन बर्न त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. तुंबलेल्या गटारावरून आपल्याकडे कोणी पडल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

जर्मनीत स्टुटगार्टच्या बाजूला निराळीच तऱ्हा. इमारतीत आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. जिना झाडणं, बाहेरचा फुटपाथ झाडणं, बर्फ पडला तर तोही काढणं, सगळं त्याच्याकडे. पाटी शेजाऱ्याच्या दाराला गेली की सुटका. स्वीडनच्या कार्ल्सकोगाने तर क्रमच उलटा केला. आधी पाळणाघरांकडे जाणाऱ्या वाटा आणि पायवाटा, मोठे रस्ते नंतर. कारण घसरून हाडं मोडणाऱ्यांत पायी चालणारे जास्त, आणि त्यांत बायका पुष्कळ.

मला मात्र सगळ्यांत पटतं ते माँट्रियल. तिथे बर्फ नुसता बाजूला सारून काम संपत नाही. रस्त्यावर गाड्या हलवायच्या पाट्या लागतात, भोंगा वाजतो, तरीही उभी राहिलेली गाडी ओढून नेतात, आणि बर्फ ट्रकांत भरून गावातल्या जुन्या दगडखाणीसारख्या ठरलेल्या जागी नेऊन टाकतात. काढणं आणि नेणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, हे त्या गावाला कळलेलं आहे.

आणि इथेच आपलं घोडं पेंड खातं. आपला बर्फ म्हणजे गाळ. मलेनाडूच्या उंबऱ्यावरच्या धारवाडची तांबडी माती आणि हुबळीकडची काळी, दोन्ही पावसाबरोबर गटारात उतरतात. वर प्लास्टिकच्या पिशव्या आपण घालतो. मेमध्ये पौरकार्मिक, म्हणजे महापालिकेचे सफाई कामगार, गटारात उतरून तो गाळ वर काढतात आणि काठावर ढीग लावतात. ढीग उचलायला ट्रॅक्टर यायचा असतो. त्याच्या आधी वळीव येतो. धारवाडच्या टोलनाक्यावर पाणी साचलं की आपण हळहळतो, शिव्या देतो. १९६२ मध्ये दोन्ही गावांची महापालिका एकच झाली, त्यामुळे वर्षानुवर्षं शिव्या द्यायला पत्ताही एकच राहिला, तेवढी सोय झाली.

महापालिकेला मी मोकळं सोडत नाही. ढीग वेळेवर उचलणं तिचंच काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरतो. पण आपण अंगणात सडा घालतो, रांगोळी काढतो आणि फाटकाबाहेर वीतभर अंतरावरच्या जाळीत अडकलेली पिशवी काढायला पौरकार्मिकाची वाट बघतो, याला काय म्हणावं? फाटकापुढे चढ हवा म्हणून गटारावर फरशी ठोकून बसवणारेही आपणच. खालचा गाळ मग काढायचा कोणी आणि कुठून?

गटारात माणूस उतरवा असं मी म्हणत नाही, तो प्रकार बंदच व्हायला हवा. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी एवढंच करावं: आपल्या फाटकापुढची फरशी उचलता येईल अशी करून घ्यावी, जाळी पावसाळाभर आपली समजावी, आणि मेमध्ये गाळाचा ढीग काठावर दिसला की त्याच दिवशी प्रभागाच्या नगरसेवकाला फोन करावा. एकाने नव्हे, दहाही घरांनी. आणि ठरवायचं ते मे उजाडण्याआधी.